‘आधी बांधा, सर्टिफिकेट नंतर काढू’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

न्यूझीलंडमध्ये घर घेतलेल्या किंवा घ्यायच्या तयारीत असलेल्या आपल्या लोकांत एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की काउन्सिल (इथली नगरपालिका) म्हणेल तोच बिल्डिंग कोड (बांधकामाचे नियम), तिने नाही म्हटलं की विषय संपला, वर दाद मागायची तर वकील लावून कोर्टातच जावं लागतं, मंत्रालयात गेलात तरी सरकार सरकारचीच बाजू घेणार, त्यापेक्षा आधी बांधून टाका, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट ऑफ ॲक्सेप्टन्स (विनापरवाना झालेल्या कामाला नंतर मिळणारा दाखला) काढता येतं, आणि छोट्या कामांना कन्सेंट (बांधकामाची परवानगी) लागत नाही म्हणजे कोडही लागत नाही. हे वाचून कुणीतरी आयुष्यभराची कमाई घातलेलं घर अडचणीत आणेल याची मला खरंच काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“काउन्सिल म्हणेल तोच कोड.” अजिबात नाही. कोड देशभर एकच आहे, 1992 च्या बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये तो दिलेला आहे, आणि बिल्डिंग ॲक्ट 2004 चं कलम 18 स्पष्ट सांगतं की कोडपेक्षा जास्त कडक काही करायला तुम्हाला भाग पाडता येत नाही. काम कोडप्रमाणे होईल असं मानायला वाजवी आधार असेल तर कन्सेंट द्यावाच लागतो, आणि मंत्रालयाने छापलेली बांधायची तयार पद्धत, म्हणजे ॲक्सेप्टेबल सोल्युशन, तंतोतंत पाळली असेल तर काउन्सिलला ती मान्य करावीच लागते. वेगळी पद्धत वापरायची असेल तर मात्र ती कोडला कशी पुरते हे दाखवणं तुमचं काम, तिथे काउन्सिलवर चिडून उपयोग नाही. नकार दिला तर कारणं लेखी द्यावी लागतात. फोनवर कुणीतरी “हे पास होणार नाही” म्हटलं त्याला नकार समजू नका, कोडचा कुठला क्लॉज अडतोय ते लेखी मागा.

“दाद फक्त कोर्टात.” उलट आहे. कलम 177 खाली, बांधकामाचा विषय बघणाऱ्या एमबीआयई या मंत्रालयाकडे डिटर्मिनेशनचा, म्हणजे या वादावर निवाडा द्या असा, अर्ज करता येतो. कन्सेंट नाकारला, काम कन्सेंटप्रमाणे पूर्ण झाल्याचं कोड कम्प्लायन्स सर्टिफिकेट म्हणजे सीसीसी दिलं नाही, नोटीस टू फिक्स (चूक दुरुस्त करा अशी नोटीस) आली, हे सगळं त्यात बसतं. वकील लागतोच असं नाही, मालक स्वतः अर्ज करू शकतो, आणि मंत्रालय काउन्सिलचा निर्णय कायम ठेवू शकतं, फिरवू शकतं किंवा बदलू शकतं. इतकंच नाही, ज्या गोष्टीवर डिटर्मिनेशन मागता येतं ती गोष्ट घेऊन, ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायदेशीर रीतीने घेतला का याची कोर्टातली तपासणी) सोडला तर, डिटर्मिनेशन होण्याआधी थेट कोर्टात जाताच येत नाही. आणि वेगळा आदेश नसेल तर अर्ज चालू असताना काउन्सिलचा तो निर्णय साधारणपणे स्थगित राहतो. शेजाऱ्यालाही अर्ज करता येतो, पण तुमच्या कामामुळे पाणी किंवा आग त्याच्या घराकडे जाण्यासारखा प्रश्न असेल तर. ऊन अडलं, व्ह्यू गेला या तक्रारी इथे चालत नाहीत, तो प्लॅनिंगचा विषय.

“सरकार सरकारचीच बाजू घेणार.” काउन्सिल ही स्थानिक संस्था, मंत्रालय केंद्राचं, दोघांचं खातं एक नाही. निर्णयाचा मसुदा आधी दोन्ही बाजूंना दाखवतात, त्यावर म्हणणं मांडता येतं, आणि अंतिम निर्णय मंत्रालयाच्या वेबसाइटवर कुणालाही वाचायला मिळतात. थोडे वाचून बघा, काउन्सिलचे निर्णय फिरवलेले सापडतील, मालक हरलेलेही सापडतील. एक प्रकार तर पुन्हा पुन्हा येतो. घर वीस वर्षांपूर्वी कन्सेंट घेऊन बांधलं पण सीसीसी कधी घेतलंच नाही, आता विकायचंय म्हणून मागितलं तर काउन्सिल अडते. का अडते? कारण कोडच्या बी2 मध्ये टिकाऊपणाची मुदत सीसीसीच्या तारखेपासून मोजतात, मुख्य स्ट्रक्चरला साधारण 50 वर्षं, भिंतीच्या बाहेरच्या आवरणाला म्हणजे क्लॅडिंगला 15, सहज बदलता येणाऱ्या भागांना 5. म्हणजे वीस वर्षं पाऊस खाल्लेलं क्लॅडिंग आजपासून आणखी 15 वर्षं टिकलं पाहिजे, हे कोण लिहून देणार! अशा बऱ्याच प्रकरणांत मंत्रालयाने सांगितलंय की कन्सेंटमध्ये बदल करून ही मुदत काम प्रत्यक्ष पूर्ण झालं तेव्हापासून मोजता येते. पण म्हणून गळणाऱ्या भिंतीला कुणी पास करत नाही, बाकी कोड पाळलाय हे दाखवावंच लागतं. यात पक्षपात कुठे दिसतो?

“आधी बांधा, सर्टिफिकेट नंतर.” सगळ्यात घातक वाक्य हेच. आपल्याकडे गुंठेवारीत पैसे भरून बांधकाम नियमित करून घेता येतं, तोच हिशोब लोक इथे लावतात. इथे लागणारा कन्सेंट न घेता काम करणं हा गुन्हा आहे आणि सर्टिफिकेट ऑफ ॲक्सेप्टन्स मिळालं म्हणून तो पुसला जात नाही. शिवाय काउन्सिल ते देते फक्त जेवढं तपासता आलं तेवढ्यापुरतं. तुम्ही गराज बंद करून खोली काढली, भिंतीत वायरिंग, इन्सुलेशन, फ्रेमिंग सगळं जिब बोर्डमागे (भिंतीच्या जिप्सम पॅनेलमागे) गेलं, तर सर्टिफिकेटवर लिहून येईल की हे भाग बघता आले नाहीत, आणि घर विकताना समोरच्याचा वकील नेमकी तीच ओळ वाचतो. वर कन्सेंटची वाचवलेली फी तेव्हाही भरावीच लागते. सीसीसी मात्र या कामाला मिळत नाही, कारण ते कन्सेंट असलेल्या कामालाच देतात.

“कन्सेंट नाही म्हणजे कोड नाही.” कलम 17 वाचा, कन्सेंट लागो वा न लागो, बांधकाम कोडप्रमाणेच हवं. जमिनीपासून सव्वा मीटर उंच डेक घ्या. दीड मीटरपेक्षा जास्त पडण्याची शक्यता नसेल तर डेकला कन्सेंट लागत नाही, बरोबर. पण कोडचा एफ4 क्लॉज म्हणतो की एक मीटर किंवा जास्त पडण्याची शक्यता असेल तिथे बॅरियर हवा, आणि घरात लहान मुलं वावरत असतील तर बॅरियरमधून ती निसटणार नाहीत अशा फटी हव्यात, ॲक्सेप्टेबल सोल्युशनप्रमाणे 100 मिलिमीटरचा गोळा आरपार जाता कामा नये. कन्सेंट लागला नाही म्हणून कठडाच नाही असा डेक करून त्यावर दोन वर्षांचं पोर खेळायला सोडणार का आपण?

एक मात्र खरं, डिटर्मिनेशनला वेळ जातो. कायद्यात 60 वर्किंग डेज आहेत, पण मुदत वाढते आणि प्रत्यक्षात बरेच महिने लागू शकतात. बिल्डरने पैसे बुडवले, काँट्रॅक्ट मोडलं, नुकसानभरपाई हवी, यातलं काहीही डिटर्मिनेशनमध्ये ठरत नाही. अर्ज करायचा तर मंजूर प्लॅन, फोटो, इंजिनिअरचा रिपोर्ट, काउन्सिलचं नकाराचं पत्र, सगळं पहिल्यांदाच जोडा, कारण निर्णय याच कागदांवर होतो. निकाल पटला नाही तर पुढे डिस्ट्रिक्ट कोर्टात अपील आहे, त्याला 15 वर्किंग डेजच मिळतात.