रंगीत टीव्ही रामायणासोबत नाही आला
गावच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला, की रामायण मालिका लागली तेव्हाच भारतात रंगीत टीव्ही आला अन् घरोघरी पोचला. दोन्ही गोष्टी चूक आहेत जी. दूरदर्शनचं रंगीत प्रसारण 1982 मधे सुरू झालं, त्याच साली दिल्लीत एशियाड होतं, अन् रामायण लागलं 25 जानेवारी 1987 ले. अन् घरोघरी काहून म्हणता, आमच्या अख्ख्या गावात एकच टीव्ही होता तोही ब्लॅक अँड व्हाइट, लाइन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावत, एक पोरगं कवेलूवर चढून अँटेना फिरवे अन् खाली बाया टीव्हीले हार घालून, चपला बाहेर काढून बसत. सीतेच्या साडीचा रंग माह्या मायनं कितीतरी वर्षांनी पाह्यला.