मुलगा करतो काय?

इथं कॅन्सस सिटीत रविवारी रात्रीची अमेरिकन फुटबॉलची मॅच सुरू होते तेव्हा सांगलीत सोमवारचा पहिला चहा उकळत असतो, आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल येतो. ऑगस्ट 2025मध्ये इथल्या चीफ्स संघातल्या ट्रॅव्हिस केल्सीचा गायिका टेलर स्विफ्टशी साखरपुडा जाहीर झाला आणि नातीनं ती खबर आजीला पोचवली. तेव्हापासून एकच चौकशी.

"मुलगा करतो काय?"

"टाइट एंड आहे."

"असू दे. पण करतो काय?"

आली का पंचाईत! "रांगेच्या टोकाला उभा राहतो. कधी समोरच्याला अडवून धरतो, म्हणजे दुसऱ्याला चेंडू घेऊन पळता येतं. कधी स्वतःच पळत जाऊन झेलतो."

"अडवतो की झेलतो? एक काय ते सांग."

तेच तर दुखणं आहे. टाइट एंड म्हणजे लग्नातला नवरीचा मामा. पहाटे सिलिंडर उचलायला तोच, मुहूर्ताला भाचीला बोहल्यावर आणायलाही तोच. फोटोत मात्र बोहल्याचंच काम येतं.

मग मी स्थळाची माहिती द्यावी तशी कारकीर्द सांगितली. शाळेत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या. 2013च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, तिसऱ्या फेरीत, 63वा. (कॉलेजात गांजाच्या चाचणीत सापडून 2010चा अख्खा हंगाम बाहेर बसला, ते गाळलं. स्थळ सांगताना कोण सगळं सांगतं?) 2016 ते 2022 सलग सात हंगाम चेंडू झेलून हजार यार्डांच्या वर मजल. एकट्या 2020मध्ये 1,416. तोवर कुठल्याच टाइट एंडला ते जमलं नव्हतं.

"यार्ड म्हणजे वारच ना? दीडशेवर नऊवारी झाल्या की!"

फेब्रुवारी 2023चा सुपर बोल, म्हणजे हंगामाची फायनल, मात्र तिला मनापासून पटला. थोरला भाऊ जेसन समोरच्या ईगल्समध्ये, म्हणून त्यांची आई डॉना अर्धं चीफ्सचं, अर्धं ईगल्सचं जॅकेट घालून आली होती.

"शहाणी बाई. नाहीतर थोरली सून बोलली असती."

एवढ्यात टीव्हीवर केल्सीनं चेंडू झेलला आणि दोन आडदांड गडी त्याच्या अंगावर कोसळले.

"लागलं का रे त्याला?"

"याला काय होतंय! पहिल्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या हंगामात जेमतेम एक मॅच खेळला. आता छत्तिशीत आहे, तरी पळतोय."

आईनं कप खाली ठेवला. स्वतःच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ती कधीपासून टाळतेय.

"डॉक्टर कोण होता?"

"मला काय माहीत!"

"मग विचार की. एकाच गावात राहता ना?"