लेझनबीचा एकच बाँडपट, आणि माझ्या यादीत पहिला

बाँडपटांची क्रमवारी लावायची म्हटलं की बहुतेक जण सिनेमे बाजूला ठेवून नटांचीच क्रमवारी लावतात. आधी शॉन कॉनरी की डॅनियल क्रेग हे ठरतं, मग त्यांचे सिनेमे आपोआप वर चढतात आणि जॉर्ज लेझनबीचा एकुलता एक सिनेमा तळाशी जातो. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस', १९६९. माझ्या यादीत हा पहिला आहे, आणि दुसरा त्याच्या जवळपासही नाही.

लेझनबी ऑस्ट्रेलियन मॉडेल. कॉनरीची जरब त्याच्याकडे नाही. तो सर हिलरी ब्रे बनून खलनायक ब्लोफेल्डच्या अड्ड्यावर राहतो, तेव्हा आवाजसुद्धा दुसऱ्या नटाचा, जॉर्ज बेकरचा आहे, आणि तो भाग रेंगाळतोही. सगळं मान्य. पण त्यानंतर काय होतं ते बघा. पाठलाग चुकवत बाँड डोंगरावरून खाली गावात येतो. नाताळची गर्दी, बर्फावर स्केटिंग चाललेलं. तो कॉलर वर करून एका कडेला बसून राहतो, दमलेला आणि चक्क घाबरलेला. बाँड घाबरलेला त्याआधी कुणी पाहिला होता? तेवढ्यात स्केट्स घातलेले दोन पाय त्याच्यासमोर येऊन थांबतात. ट्रेसी, त्याची प्रेयसी! गाडी तीच चालवते, बर्फावरच्या मोटारशर्यतीत घुसून मागच्यांना चकवतेही तीच. डायना रिगने ही बाई अशी उभी केलीय की बाँड तिला लग्नाची मागणी घालतो तेव्हा ते पटतं. म्हणून लग्न होताच तिचा खून होतो, तो शेवट इतका लागतो.

दिग्दर्शक पीटर हंट आधीच्या बाँडपटांचे संकलक होते, दिग्दर्शनाची ही पहिलीच वेळ. पुढच्या लोकांनी त्यांच्या कामाची कदर केली नाही. १९७१च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर'मध्ये कॉनरी परतला, सुरुवातीलाच ब्लोफेल्डला शोधत सुटला, पण ट्रेसीचं नावही नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो सिनेमा खाली ढकलतो. तिच्या थडग्यापाशी बाँड दिसायला १९८१ उजाडावं लागलं, तोवर रॉजर मूर आला होता.

दुसरा 'कसिनो रोयाल' (२००६), कारण त्यातली प्रेयसी व्हेस्पर गमावताना बाँडला पुन्हा तशीच जखम होते. तिसरा 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', रेल्वेच्या डब्यातल्या त्या मारामारीसाठी.

'ऑक्टोपसी'वर आपल्याकडे फार जीव आहे. उदयपूर, कबीर बेदी, रॅकेटने गुंडांना हाणणारा विजय अमृतराज, सगळं खरं. पण त्यातच बाँड नोटांचं पुडकं देताना, आता काही आठवडे करीची सोय झाली, असं म्हणतो. ते ऐकल्यावर मला तो पहिल्या दहात घेववत नाही.

चौथ्या जागेवर माझं अडलंय. डाल्टनचा 'लायसन्स टू किल' की ब्रॉस्ननचा 'गोल्डनआय'? कारणासकट सांगा.