रिव्ह्यू: 'तीन आठवड्यांत वास गेला, आत नुसता भुसा', त्याला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. हौसेने घेतलेल्या सुगंधी पुरचुंड्यांनी तुमची निराशा झाली, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. एक स्टार द्यायचा की पाच, हा सर्वस्वी तुमचा अधिकार. पण 'तीन आठवड्यांत वास गेला, कापून बघितलं तर आत नुसता भुसा, नॅचरलच्या नावाखाली फसवणूक' असंही तुम्ही लिहिलंय, आणि ते फार लागलं. घरातून चालणारा व्यवसाय आहे. नवीन गिऱ्हाईक आधी एक स्टारवाले रिव्ह्यूच उघडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. सगळ्या पुरचुंड्या एका काचेच्या बाऊलमध्ये, बाऊल खिडकीच्या कट्ट्यावर, आणि वर चांगलं कडक ऊन. सगळ्यात वरच्या पुरचुंडीची जांभळी नाडी एका बाजूने पार विटलेली दिसते. ताई, या पुरचुंड्या कपाटाच्या आणि ड्रॉवरच्या आहेत. पाकिटावरही तेच लिहिलंय, आतल्या कार्डावरही.

आता 'वास गेला' याबद्दल. लव्हेंडरच्या फुलात जे तेल असतं, त्यातले लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे घटक हवेत उडतात तेव्हाच आपल्याला वास येतो. म्हणजे वास येणं आणि वास उडणं एकच. बंद खणात, कपड्यांच्या घड्यांमध्ये ते सावकाश चालतं. उन्हात आणि वाऱ्यावर भराभर. फुलंसुद्धा आम्ही सावलीत वाळवतो ते याच कारणासाठी. उन्हात घातली असती तर काम लवकर उरकलं असतं, पण मग विकायला उरलं काय असतं? शिवाय आपण सतत त्याच वासात वावरलो की नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो, तेही धरा. बाहेरून आल्या आल्या हुंगून बघायचं.

आणि भुसा. पुरचुंडीत वाळ्याची मुळं असतात, कात्रीने बारीक केलेली. लव्हेंडरची सुकी फुलं असतात, जराशी ठेचलेली लवंग असते आणि ऑरिस रूटची पूड असते. तुम्हाला भुसा वाटली ती बहुधा ही पूड. आयरिस नावाच्या फुलझाडाचा तो कंद. वाळवून काही वर्षं साठवल्याशिवाय त्याला वासच धरत नाही. बाकीचे वास धरून ठेवायचं काम तोच करतो, आणि आमच्या सामानात सगळ्यात महाग तोच पडतो. भुसाच भरायचा असता तर हे कशाला आणलं असतं? वाळ्याचं तेल जड असतं, त्यामुळे त्याचा वास लव्हेंडरपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. कापलेली पुरचुंडी अजून असेल तर मुळं चिमटीत चुरगाळून बघा, वास येईल. (कापायची गरज नव्हती, नाडी ओढली की सुटते.)

आधी वापरत होतात त्या सॅशेचा वास सहा महिने टिकायचा, असंही म्हणालात. टिकत असेल. कृत्रिम सुगंध टिकण्यासाठीच बनवलेले असतात. तो माल वाईट असं मी म्हणत नाही, पण आम्ही तो करत नाही आणि सहा महिन्यांचा शब्दही कुठे दिलेला नाही. आमचा वास मंद असतो आणि हळूहळू उतरत जातो. उतरला की पुरचुंडी तळहातात दाबून चोळायची, आतलं भरण चुरलं की पुन्हा दरवळतं. त्यानेही भागलं नाही तर नाडी सोडून आतल्या मिश्रणावर लव्हेंडर तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि तासाभराने बांधायचं. वरून कापडावर टाकू नका, कपड्यांना डाग पडतो, रेशमावरचा तर सहज निघतही नाही. कपाटात ओलसर कपडे ठेवू नका, दमट हवेत भरणाला बुरशी धरते. हे सगळं कार्डावर आहे. रिव्ह्यूच्या आधी एक मेसेज केला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं. मेसेजला उत्तर द्यायला मी कधी टाळाटाळ केलेली नाही, जुन्या गिऱ्हाइकांना विचारा.

असो. कार्डावरची अक्षरं बारीक आहेत असं आणखी एक-दोघींनीही सांगितलं होतं, पुढच्या छपाईत मोठी करायचा विचार आहे. पॅकिंगचंही काहीतरी बघतेय.

तुम्हाला नवीन भरण पाठवते, कापलेल्या पुरचुंडीसाठी पिशवी आणि नाडीसुद्धा, आमच्या खर्चाने. पत्ता तोच असेल तर मेसेजमध्ये नुसतं 'हो' टाका. त्यानंतर रिव्ह्यू बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त नवीन फोटो टाकलात तर कपाटातला टाका.