‘आधी नागरिकत्व घ्या, मग मत द्या’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मतदान हा नागरिकाचाच अधिकार आहे, परदेशी रहिवाशाने कर भरला म्हणून तो मिळत नाही, त्याची निष्ठा त्याच्या मायदेशाशी असते, सैन्य आणि परराष्ट्र धोरण नागरिकांनीच ठरवावं, आणि मत हवंच असेल तर त्याने नागरिकत्व घ्यावं.

कराबद्दल आपलं दुमत नाही. कराच्या पावतीवर मत मिळू लागलं, तर कर भरू न शकणाऱ्या गरीब नागरिकाचं मत काढून घ्यावं लागेल. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याला वर्षानुवर्षं एखाद्या ठिकाणचे नियम पाळावे लागतात, त्याला ते नियम करणारे निवडताना विचारलं गेलं पाहिजे.

‘नागरिकत्व घ्या’ हे म्हणायला सोपं आहे. भारतीय माणसाने स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. म्हातारे आईवडील मायदेशी असलेली बाई हा निर्णय वर्षानुवर्षं पुढे ढकलते. तोवर तिकडेच जन्मलेला, तिथला नागरिक असलेला तिचा मुलगा अठरा वर्षांचा होतो. शाळा, बस, रस्त्यावरचे दिवे यांचा कारभार पाहणाऱ्या नगरपालिकेसाठी तो मत द्यायला आत जातो आणि वीस वर्षं त्याच गल्लीत राहिलेली आई केंद्राबाहेर थांबते. हे मला कुठल्याही तर्काने पटत नाही.

राहिला निष्ठेचा प्रश्न. न्यूझीलंडमध्ये १९७५पासून कायम रहिवाशांना थेट संसदेसाठी मत देता येतं. वास्तव्याची अट एक वर्षाची. संसदेची उमेदवारी मात्र नागरिकांनाच. पन्नास वर्षांत तो देश काही परक्यांच्या हाती गेला नाही. आयर्लंड, स्वीडन, डेन्मार्क यांनी स्थानिक निवडणुकांपुरतं दार उघडलं. ब्रिटनमध्ये तर तिथे कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाच्या नात्याने संसदेसाठीही मत देऊ शकतो.

उलटे निकालही आहेत. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १९९०मध्ये परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देणारे दोन राज्यांचे कायदे रद्द केले. लक्झेंबर्गमध्ये २०१५च्या सार्वमतात परदेशी रहिवाशांना संसदेसाठी मत द्यायला सुमारे ७८ टक्के मतदारांनी नकार दिला. पण तिथले जवळपास निम्मे रहिवासी परदेशी, आणि त्यांना मत द्यावं की नाही हे ठरवताना त्यांना कुणी विचारलंच नाही!

संसदेपर्यंत मी जात नाही. सैन्य आणि परराष्ट्र धोरण नागरिकांनी ठरवावं, हे तुमचं मला मान्य आहे. पाच वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य असणाऱ्याला स्थानिक निवडणुकीत मत द्या, एवढंच मागतो आहे. यात तुम्हाला नेमका कुठे धोका दिसतो, ते जरूर लिहा.