शेतातून थेट ताटात, व्हाया भूगाव

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांची मेथी पहाटे कुठल्या तरी रानातून निघते, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरते, तिथून टेम्पोने त्यांच्या गोणपाटावर येते आणि नऊच्या सुमाराला आमच्या परातीत पडते. दुपारी ती ताटात असते. या साऱ्या प्रकाराला कुणी काही नाव दिलं नव्हतं, म्हणून आम्ही त्याला नुसतं जेवण म्हणायचो. मग बायकोच्या मोबाइलवर ‘फार्म-टू-टेबल’ आलं.

म्हणजे भाजी शेतातून थेट टेबलावर. अडत्या नाही, दलाल नाही, टेम्पो नाही. या सगळ्यांचं काम मग कोण करतं, ते जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं. ते गिऱ्हाईक करतं. भाजीने करायचा प्रवास रविवारी सकाळी आपण करायचा, आपल्या पेट्रोलने, आणि वर बुकिंगचे पैसे आगाऊ भरायचे. भाजी जागची हलत नाही. तिला कसली घाई?

जागा मुळशीकडे, पौडच्या पुढे. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये स्फोटाने पाडला आणि २०२३ मध्ये नव्या पुलांचं जाळं खुलं झालं, तेव्हापासून कोथरूडहून भूगावच्या कोंडीपर्यंत फारच लवकर पोचता येतं. त्या कोंडीत आमच्या पुढे-मागे ज्या गाड्या होत्या, त्या सगळ्या शुद्ध हवेकडे निघालेल्या होत्या. दोन्ही बाजूंना ‘एन.ए. बंगलो प्लॉट’चे फलक. शेतात जाऊन जेवायची हौस वाढतेय आणि शेतं गुंठ्यांनी संपतायत, हे दोन्ही एकाच रस्त्यावर बघायला मिळतं, फक्त त्याचे पैसे वेगळे लावत नाहीत.

सोबत सासूबाई होत्या. सासूबाई मंगळवेढ्याच्या. तिथल्या काळ्याभोर जमिनीत मालदांडी ज्वारी पाणी न देता, नुसत्या ओलीवर येते. २०१६ मध्ये या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी मोठ्या कौतुकाने त्यांना ती बातमी वाचून दाखवली होती. “आत्ता कळलं व्हय त्यास्नी?” एवढंच म्हणून त्यांनी कूस बदलली. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून देणारे संत दामाजीपंतही त्याच गावचे. धान्य पिकवणं आणि ते फुकट वाटणं, या दोन्ही बाबतींत त्या गावाचा दबदबा आहे. अशा गावच्या बाईला मी पाव किलो पीठ दीडशे रुपयांना विकणाऱ्या दुकानात घेऊन चाललो होतो.

“शेत बघायला पैसं?” त्यांनी गाडीत विचारलं.

“अगं आई, पैसे अनुभवाचे असतात,” बायको म्हणाली.

“माझा झालाय.”

बुकिंगनंतर आलेल्या संदेशात ‘नाश्ता हलका करून यावे’ अशी प्रेमळ सूचना होती. ती पाळून आम्ही घरून नुसता चहा पिऊन निघालो होतो. सासूबाईंनी मात्र पिशवीत शेंगापोळ्या घेतल्या होत्या. फाटकावरच्या रखवालदाराने पिशवीत डोकावून “बाहेरचं फूड अलाउड नाही” असं सांगितलं आणि पोळ्या गाडीत ठेवायला लावल्या. गाडी उन्हात, पोळ्या गाडीत आणि आम्ही शेतात, अशी वाटणी झाली.

आत गवती टोपी घातलेल्या एका तरुणाने “वेलकम होम” म्हणून हात जोडले आणि मातीच्या इवल्याशा कुल्हडात आवळ्याचं पाणी दिलं. दोन घोटांत ते संपलं. “मातीचा अरोमा फील करा,” तो म्हणाला. पाणी संपल्यावर तेवढंच उरलं होतं.

सजावट मात्र दांडगी. मडक्यांची उतरंड कोपऱ्यात उभी करून तिच्यावर दिवे सोडलेले. जात्यावर काच टाकून टीपॉय केलेला. भिंतीवर उलटा नांगर आणि त्याला लोंबणारे पिवळे बल्ब. सासूबाई त्या नांगराखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, जुन्या आठवणी आल्या असतील.

“बैलं इकली वाटतं,” त्या म्हणाल्या.

जेवणाआधी ‘फार्म वॉक’ सक्तीचा होता. टोपीवाला पुढे, मागे आम्ही आणि हिंजवडीहून आलेली दोन कुटुंबं. पहिल्या वाफ्यातल्या परदेशी पालेभाजीशी थांबून तो म्हणाला, “हा आमचा केल.” सासूबाई म्हणाल्या, “चांगलं केलं.” पुढच्या ट्रेमध्ये बोटभर उंचीची कोवळी रोपं होती. ही मायक्रोग्रीन्स, पेरल्यापासून आठ-पंधरा दिवसांत कापायची आणि डिशवर भुरभुरायची. सासूबाईंनी वाकून बघितलं. मेथी होती. “एवढी कशापायी घाई? अजून पंधरा दिवस थांबला असतात तर जुडी झाली असती.” त्याने पोषणमूल्यं सांगितली. सासूबाईंनी जुडीचा भाव सांगितला. तेवढ्यात हिंजवडीच्या एका लहान मुलाने ट्रेमधली मेथी उपटून खाल्ली, आणि त्या घोळक्यात शेतातून थेट तोंडात असं काही घडलेला तो एकटाच.

मग आलं जीवामृत, शेताला घालायचं. निळ्या पिंपात काठीने ढवळत त्याने कृती सांगितली. दोनशे लिटर पाणी. दहा किलो शेण. तेवढंच गोमूत्र. मूठभर बांधावरची माती. इथवर आमचं लक्ष नव्हतं. मग तो म्हणाला, “आणि दोन किलो गूळ, दोन किलो बेसन.” सगळा घोळका एक पाऊल पुढे सरकला. साडेबारा वाजून गेले होते, पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि आमच्या देखत एका एकराला दोन किलो बेसन चाललं होतं. दोन किलो बेसनात किती भजी होतात याचा हिशेब मी मनात करू लागलो. हिंजवडीचे एक गृहस्थ “गूळ कुठला वापरता?” असं उगाचच विचारत होते, त्यांचा आवाज भरून आला होता. जमिनीतले जिवाणू त्यावर पोसले जातात, असं टोपीवाला समजावत होता. जिवाणूंचं बुकिंग कधीचं होतं, कोण जाणे.

शेवटी टेबल मिळालं. मेन्यूकार्ड हातकागदाचं, आणि त्यात पदार्थांच्या नावांपेक्षा त्यांची चरित्रंच जास्त. वांगं कुठल्या वाफ्यात वाढलं, कुणी खुडलं, त्या दिवशी धुकं होतं का. ‘विंटर हार्वेस्ट स्ट्यू’ म्हणून जे होतं त्यात घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगी, बोरं आणि तीळ. बायकोने हळूच वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, “भोगीची भाजी की ही. भोगी तर कवाच झाली.” तुपापुढे ‘ए-टू’ लिहिलेलं होतं, म्हणजे देशी गाईच्या दुधाचं असा दावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे हे ए-वन, ए-टू काढून टाका म्हणून फर्मावलं होतं आणि आठवड्याच्या आत ते फर्मान मागेही घेतलं होतं. सरकारचा जिथे टिकाव लागला नाही, तिथे मी काय बोलणार? आम्ही भाकरी, पिठलं, भोगीची ती भाजी आणि इंद्रायणी भात मागवला.

मग आम्ही थांबलो. थोड्या वेळाने आणखी थांबलो. टोपीवाला येऊन म्हणाला, “सर, आमच्याकडे स्लो फूड फिलॉसॉफी आहे.” आमच्या मुलीने फोनवर शोधलं. रेंज एकाच दांडीची, त्यामुळे तेही स्लोच. १९८६ मध्ये रोममध्ये बर्गरच्या दुकानाविरुद्ध लोक उभे राहिले आणि त्यातून ही चळवळ इटलीत वाढली. तिचं बोधचिन्ह गोगलगाय आहे. आमची ऑर्डर बहुधा तेव्हाच इटलीहून निघाली होती, त्याच वाहनाने.

खिडकीतून कांद्याचा वाफा दिसत होता. एक माणूस तिकडे गेला, एक कांदा उपटून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा एक. मुलीने त्याचं रील केलं.

जेवण आलं ते काळ्या दगडी फरशीच्या तुकड्यावर. मध्ये चमचाभर पिठलं, त्यावर तीच कोवळी मेथी भुरभुरलेली, आणि कडेला चार तुकड्यांत आलेली भाकरी. मला वाटलं, वाढताना तोडली असेल. सासूबाईंनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, पुन्हा ठेवला.

“ज्वारी कुठली?”

“मालदांडी, मॅडम. डायरेक्ट मंगळवेढ्याहून,” टोपीवाला अभिमानाने म्हणाला.

टेबलावर शांतता पसरली. मुळशी हा भाताचा मुलूख. इंद्रायणी इथून जवळच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात, अंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झाली. ती आमच्या ताटात पुढच्या खाचरातून आली असेल, हे मी मान्य करायला तयार होतो. पण ही भाकरी दोनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आली होती. सासूबाईंचं माहेर त्यांना भेटायला आमच्यापेक्षा लांबून आलं होतं, आणि वाटेत त्याचे चार तुकडे झाले होते.

“विरी गेलीय पिठाची,” सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या. “दळून महिना झाला आसंल. चूल कुठंय?”

“आई, बसा ना,” मी म्हटलं.

“तुम्ही बसा. तुमाला भूक लागलीय, तोंड बघा केवढं झालंय.”

स्वयंपाकघर उघडंच होतं, पाहुण्यांना दिसावं म्हणून. आत चुलीपुढे एक मावशी धुराने डोळे पुसत भाकऱ्या थापत होत्या आणि प्रत्येक भाकरी तव्यावर टाकताना मोडत होती. मावशींचं गाव शेजारचंच. घरी नाचणीची भाकरी आणि भात. ज्वारी त्यांच्या गळ्यात मेन्यूकार्डाने मारलेली. सासूबाईंनी पदर खोचला. पाण्याला आधण आणलं, ते पिठात ओतून उलथन्याच्या टोकाने ढवळलं, झाकून ठेवलं आणि वाफ जिरल्यावर काठवटीत असं काही मळलं की पीठ वठणीवर आलं. मग पहिली भाकरी थापली. ती हातभर झाली, गोल राहिली, तव्यावर गेली, निखाऱ्याला लागली आणि टम्म फुगली.

बाकीच्या टेबलांवरचे लोक फोन काढून चुलीभोवती जमले. हिंजवडीच्या गृहस्थांनी “आजी, इकडे बघा” म्हणून त्यांना निखाऱ्यावर भाकरी पुन्हा उलटायला लावली. टोपीवाला कुठूनसा धावत आला आणि जमलेल्यांना सांगू लागला, की ही आमची ‘ऑथेंटिक किचन डेमॉन्स्ट्रेशन’. सासूबाईंनी आमच्या चौघांच्या करून झाल्यावर हिंजवडीवाल्यांच्या केल्या, मग त्या पोराला एक छोटी वेगळी करून दिली, मग मावशींना समोर बसवून त्यांच्याकडून करून घेतल्या. पिठल्याची कढई त्यांनी सरळ ताटांशी आणली. चमचा कुठेतरी बाजूला पडला. मी किती खाल्लं ते लिहीत नाही. मुलीच्या रीलमध्ये ते आहे.

बाहेर पडायचा रस्ता दुकानातून जात होता. तो तसाच ठेवलेला असतो. तिथे वेडेवाकडे, चिरा पडलेले टोमॅटो ‘एअरलूम’, म्हणजे पिढीजात वाणाचे, या नावाने टोपलीत मांडले होते. आमच्या मावशी असले टोमॅटो संध्याकाळी वर घालतात. बायकोने हातसडीचे तांदूळ आणि कसलीशी चटणी घेतली. कढीपत्त्याच्या चार काड्या पाकिटात होत्या आणि पाकिटाला किंमत होती. ते पाहून सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

बिलाच्या टेबलाशी मॅनेजर होता. सदरा खादीचा, मशीन बंगळुरूचं. रेंज नसल्याने यूपीआय गोल गोल फिरत होतं, तोवर मी बिल वाचलं. जेवण चौघांचं. फार्म वॉक चौघांचा. आणि खाली एक ओळ: ‘चुलीवर भाकरी – अनुभव, १ व्यक्ती, ₹ ३५०’.

मी ती ओळ सासूबाईंना दाखवायला नको होती, असं बायको अजून म्हणते. मला ते पटत नाही.

“म्हंजी मी भाकऱ्या केल्या, त्याचं पैसं मीच द्यायचं?”

“मॅडम, हा आमचा मोस्ट पॉप्युलर अनुभव आहे. लाकूड, पीठ, काठवट, सगळं इन्क्लुडेड असतं.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. “आता लिहा. त्या टेबलाच्या आठ. त्या पलीकडच्यांच्या सहा. पोराची एक, ती सोडा. मावशीला शिकवलं ते वेगळं. कार्डात एका भाकरीला किती लावलंय?”

साठ लावलं होतं. मॅनेजरने ते सांगितलं नाही, मुलीने सांगितलं. चौदा साठे आठशे चाळीस हा हिशेब सासूबाईंनी तोंडी केला. त्यातून ते साडेतीनशे वजा केले आणि उरलेले चारशे नव्वद रोख मागितले, कारण तुमचं ते फोनचं चालत नाही म्हणाल्या. मागे हिंजवडीचे गृहस्थ उभे होते. “बरोबर आहे आजींचं,” ते म्हणाले. त्यांनी सहा खाल्ल्या होत्या.

बरीच घासाघीस झाली. अखेर ती ओळ बिलातून खोडली गेली, आणि रोख रकमेच्या बदल्यात दारातला एक लाल भोपळा आमच्या मुलीच्या हातात आला. त्याच्यावर ‘फॉर डिस्प्ले ओन्ली’ अशी चिठ्ठी होती. ती सासूबाईंनी सोलून मॅनेजरच्या टेबलाला चिकटवली.

गाडीपर्यंत तो मागोमाग आला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “सर, मॅडम शनिवार-रविवार येतील का? आपण काहीतरी ठरवू.”

सासूबाई तोवर मागच्या सीटवर बसून शेंगापोळीचा डबा उघडत होत्या. त्यांनी काच खाली केली.

“गाडी पाठवा,” त्या म्हणाल्या. “आन् पीठ मी माझं आणीन.”