माळढोक: सोलापूरचा आणि सॉल्सबरीचा

इंग्लंडमधल्या माझ्या घरापासून गाडीने पाऊण तासावर सॉल्सबरीचं पठार आहे. लष्कराने सरावासाठी राखून ठेवलं, म्हणून तिथलं गवत नांगरापासून वाचलं. त्या गवतात पहिल्यांदा 'ग्रेट बस्टर्ड' दिसला, आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ, आणि मला सोलापूरजवळचं, माळढोकाचं नान्नजच आठवलं.

ब्रिटनमधून हा पक्षी १८३२च्या सुमारास संपला. २००४पासून रशियातल्या साराटोव भागातली पिल्लं आणून सोडू लागले. पुढे जनुकीय अभ्यासातून कळलं, की जुन्या ब्रिटिश पक्ष्यांचं जवळचं नातं स्पेनच्या पक्ष्यांशी होतं. मग अंडी स्पेनमधून आणली. इतकी वर्षं राबून झाल्यावरही वाट बदलली, याचं मला फार मोल वाटतं.

सोलापूरहून भावाचा फोन आला की वाद तोच: "एका पक्ष्यापायी आमच्या जमिनी अडकल्या." त्याचा राग खरा आहे. १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, त्यात भरली गावं आणि पिकती शेतं आली. विणीचा हंगाम सरल्यावर पक्षी जातो कुठे, याचा माग काढायचं साधनही तेव्हा हाती नव्हतं. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर शेतकऱ्याच्या मनात पक्षी वैरी झाला होता. शिवाय सरकारी दप्तरात माळ म्हणजे 'पडीक', म्हणून त्यावर गिरिपुष्पाची झाडं लावली. माळढोकाला उघडा माळ लागतो, हे मेंढरं राखणाऱ्या कुठल्याही धनगराने सांगितलं असतं. त्याला विचारायला हवं होतं.

माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. डोळे डोक्याच्या बाजूंना, अंग जड. समोरची वीजतार उशिरा दिसते आणि वळता येत नाही. ज्याची संख्या इतकी हळू वाढते, त्या पक्ष्याला तारेवरचे थोडे मृत्यूही झेपत नाहीत.

आज नान्नजला एखादी मादी दिसली तरी बातमी होते. जैसलमेरजवळच्या प्रजनन केंद्रात पिल्लं वाढताहेत. उद्या त्यांतली काही सोलापूरला सोडायचं ठरू शकतं. त्याआधी माळावरच्या तारांचा नकाशा करा, टोळ-नाकतोडे किती उरलेत ते मोजा, फवारणी कुठे होते ते पाहा, ऊस कुठवर सरकलाय ते बघा. आणि भावासारख्यांना जमिनीच्या अटी आधी सांगा, मराठीत, गावात बसून.